शंभर टक्क्यांच्या बाहेर

दि. १४ जून

ती. ताई,

नमस्कार. साष्टांग घालायला कंबर परवानगी देत नाही, तेव्हा उभ्यानंच घे.

आमच्या शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागल्याची दवंडी तुझ्या चिरंजीवांनी पिटलीच आहे. रविवारी हेडमास्तर म्हणून माझा सत्कार आहे आणि तू म्हणे आत्तापासून पिशवी भरून बसली आहेस. गुडघे दुखत असतील तर ओढाताण करू नकोस. नाही आलीस तरी मी रागावणार नाही.

आमची शाळा चिमूटभर. दहावीत एकतीस मुलं, म्हणजे एक आपटला की तीन टक्के गेलेच. निकाल पडला तर शाळा बंद करू, हा संस्थेचा धाक कायमचा.

पूर्वी पटावर सगळी गावातलीच मुलं असत. कारखाना आला, पलीकडे कामगारांच्या खोल्या उठल्या आणि आता निम्मा पट तिकडचा. घरातली भाषा वेगळी, दोन वर्षांत तीन शाळा झालेल्या. ही मुलं टक्के खातात, असं आमचे शिक्षक म्हणतात. मी कधी कुणाला गप्प केलं नाही.

उलट युक्ती काढली. नववी संपली की कच्च्या मुलांच्या पालकांना बोलवायचं, चहा पाजायचा आणि शाळा सोडल्याचा दाखला हातात द्यायचा. मुलाला दहावीला बाहेरून बसवा, त्याच्यावर ताण येणार नाही, असं समजवायचं. बोलायचं काम माझं. गेल्या वर्षी चौघांना असं काढलं, चौघंही खोल्यांमधली. गावातलाही एक ढ होता, पण त्याचे वडील संस्थेवर. त्याला ठेवून घेतलं, रोज तासभर जास्त शिकवलं, आणि तो पास झाला. शिकवलं की होतात गं.

काल फाटकावर निकालाची पाटी रंगवायला पेंटर आला होता. त्या चौघांतली एक मुलगी त्याची. एकतीस नावं आणि वर ठसठशीत शंभर टक्के, सगळं त्यानं मन लावून रंगवलं. मग ब्रश पुसत म्हणाला की पोरगी बाहेरून पास झाली, बावन्न टक्के पडले, खाली जागा आहे तर तिचंही नाव घालू का.

मी म्हणालो, नियमात बसत नाही, ती आपल्या शाळेची नाही.

"नववीपर्यंत तुमचीच होती ना, सर?"

रागावून नाही विचारलं त्यानं. डबे आवरले आणि गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताई, तू गणितात दोनदा आपटलीस. घरात सगळे हसायचो, सगळ्यांत जास्त मी. तुझ्या बाईंनी मात्र तिसऱ्या वर्षीही तुला पहिल्या बाकावर बसवलं. माझ्या शाळेत असतीस, तर मी तुलाही चहा पाजून दाखला दिला असता.

रविवारी हे सगळ्यांसमोर सांगायचं ठरवलंय. पेंटरला आणि त्याच्या मुलीलाही बोलावणं धाडलंय, येतील की नाही कोण जाणे. ऐनवेळी मी शेपूट घालीन, ही भीती आहेच. पण तू समोर असताना खोटं बोलायची माझी कधी टाप झाली नाही. तेव्हा गुडघ्यांचं वर लिहिलंय ते खोडून टाक. ये, आणि अगदी समोर बस.

तुला हसणारा,
तुझा धाकटा