स्वरूपाची माडी आणि चाँदभाईंची खिडकी

मी, भीमराव सोपान खोमणे, वय ७२, धंदा गवंडीकाम (गुडघ्यांमुळे सध्या बंद), राहणार कोऱ्हाळे बुद्रुक, तालुका बारामती, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. कोणाचा धाक नाही, आग्रह नाही. डोके शाबूत आहे. शंका असेल त्याने भिंत दाखवावी. ओळंबा न लावता ती किती कलली आहे ते मी सांगतो. आधीचे मृत्युपत्र, ज्यात सगळे घर मुलाच्या नावे होते, ते रद्द समजावे.

१. घर माझ्या स्वकष्टाचे आहे. तळमजल्याच्या तीन खोल्या मुलगा दीपक याला. तो एमआयडीसीत नोकरीला असून बारामतीत फ्लॅटमध्ये राहतो, तरी त्याचा हक्क मी नाकारत नाही.

२. वरची माडी, तिचा बाहेरचा जिना आणि गच्ची मुलगी स्वरूपा हिला, पूर्ण मालकीने. नवरा वारल्यावर ती माझ्याकडे आली, त्याला नऊ वर्षे झाली. स्लॅबवर सोडलेल्या सळया आपल्यासाठी होत्या, असे दीपक म्हणेल. होत्याच. आमच्याकडे पुढच्या मजल्यासाठी सळया वर सोडतात त्या मुलाच्या नावाने. मुलीसाठी मी चाळीस वर्षांत एकाही घरावर सोडल्या नाहीत. सळया गंजत उभ्या राहिल्या आणि दीपक त्या बघायलाही वर चढला नाही.

३. आता जुने भांडण. स्वरूपा आली तेव्हा मी तिच्यासाठी घराच्या पश्चिमेला, पार हद्दीला भिडवून, एक खोली उठवायला घेतली. नकाशा नाही, अर्ज नाही, सोडायचे अंतर सोडले नाही. "आधी परवानगी काढा, मगच मी थापी उचलीन," असे गावाला ठणकावणारा मी! पण स्वतःच्या घराला कसली परवानगी, हा ताठा होता. त्याच बाजूचे शेजारी चाँदभाई एवढेच म्हणाले, "भीमराव, माज्या खिडकीचं बघा जरा." मी बघितले नाही. महिन्याभरात तक्रारीवरून नोटीस आली आणि माझी भिंत मी माझ्याच हाताने पाडली. तक्रार चाँदभाईंचीच, असे मनाशी पक्के धरून मी आठ वर्षे त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या मुलीच्या, शबीनाच्या लग्नालाही गेलो नाही. त्याची मला लाज वाटते.

४. गेल्या वर्षी माडीच्या परवानगीसाठी गेलो तेव्हा जुनी फाईल निघाली. तक्रारअर्जावरचे अक्षर स्वरूपाचे होते. माझ्या कामाच्या याद्या तीच लिहीत आली आहे, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. घरी येऊन विचारले.

"व्हय आबा, मीच दिला. चोरून बांधलेल्या खोलीत मला राहायचं न्हाय. तुमच्या माघारी दादानं एक अर्ज केला असता, की मी रस्त्यावर."

"मग मला आधी का न्हाय सांगितलं?"

"तीनदा सांगितलं. तुमी ऐकलं का?"

ऐकले नव्हते. चाँदभाईंना सगळे ठाऊक होते. ते तिला म्हणाले होते, "ऱ्हाऊ दे पोरी. त्यांचा राग माज्यावर असू दे. तुला त्याच घरात ऱ्हायचं हाय."

५. म्हणून माडी रीतसर बांधली. नकाशा, परवानगी आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला लोखंडी पेटीत आहे; पेटीची किल्ली स्वरूपाकडे. दीपक, अर्ज करून बघायचा तर बघ, हात हलवत परत येशील. पश्चिमेची मोकळी जागा दोघांपैकी कोणीही झाकू नये, पत्र्याची शेडसुद्धा टाकू नये.

६. थापी, रंधा, गुण्या ही माझी हत्यारे दीपकला. ओळंबा स्वरूपाला. माझी भिंत वाकडी जातेय हे तिनेच दाखवले.

७. चाँदभाईंना काही देत नाही. साक्षीदाराने काही न घेतलेले बरे, असे वकील म्हणाले. माफी मालमत्तेत मोडत नाही, म्हणून ती समक्ष मागितली आहे.

वाचून, समजून सही करतो.
भीमराव सोपान खोमणे
कोऱ्हाळे बुद्रुक, दिनांक १२ मार्च २०२५

साक्षीदार:
विजयसिंह दत्तात्रय भापकर (माडीचा नकाशा काढणारे). सही माझ्यासमोर झाली.

चाँदभाई इब्राहिम तांबोळी (शेजारी). सही माझ्यासमोर झाली. भीमराव पूर्ण शुद्धीवर आहेत. आठ वर्षे बोलत नव्हते, तरी खिडकीतून मला रोज दिसत होते.