सकाळी एक गोळी

वरळी,
मंगळवार, ३ फेब्रुवारी २०२६

चि. मधुरा हिस,
आत्याचा सप्रेम जय भीम.

तुझं रजिस्ट्रेशन झाल्याचं फोनवर कळलं. अभिनंदन. आपल्या घरात माझ्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी दुसरी फार्मासिस्ट झाली. मी बरी आहे. गुडघे दुखतात. नव्या इमारतीतलं पाणी अजून दोनदा जातं, पण लिफ्ट चालते. चाळीतली अर्धी माणसं याच इमारतीत आल्यामुळे करमत नाही असं म्हणायला जागा नाही.

फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, "आत्या, बाबा म्हणतायत सर्टिफिकेट दुकानात लावू या. चालतं ना? सगळेच लावतात." मी "बघू" म्हणाले. मी आयुष्यात फार कमी वेळा "बघू" म्हणते. हे पत्र म्हणजे त्याचं उत्तर. मोबाइलवरही पाठवता आलं असतं, पण याच्याखाली मला सही करायची आहे.

आधी सांग, अर्ज करताना तुझ्याकडे काय काय मागितलं? दहावीचा दाखला, पदवीच्या मार्कशीटा, रहिवासी दाखला, शपथपत्र. मग मूळ कागद तपासायला रांगेत उभं केलं. पुढे पाच वर्षांनी नूतनीकरण येईल, त्याआधी रिफ्रेशर कोर्स करावा लागेल. माझं नूतनीकरण याच वर्षी आहे. कॉलेजातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी मी ते सोडलेलं नाही. माझा अर्ज दोनदा परत आला. पहिल्यांदा, फोटोच्या मागचा रंग पांढरा नाही म्हणून. दुसऱ्यांदा, सही १९८२च्या सहीशी जुळत नाही म्हणून. चव्वेचाळीस वर्षांत बाईची सही बदलणार नाही तर काय!

कोर्ससाठी गेल्या महिन्यात दादरच्या एका हॉलमध्ये दोन दिवस बसून आले. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर निम्मी माणसं हजेरीची सही करून पसार झाली. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "मॅडम, तुमचं कुठे लावलंय?"

"काय लावलंय?"

"सर्टिफिकेट हो. माझं नालासोपाऱ्याला आहे. मी राहते डोंबिवलीला." आणि डबा पुढे करून म्हणाल्या, "कोथिंबीरवडी घ्या ना."

मी वडी घेतली नाही. दिवा लावतात, झाड लावतात, मुलाला बापाचं नाव लावतात. आमच्या धंद्यात सर्टिफिकेट लावतात आणि माणूस दुसरीकडेच असतो. त्या बाईंना त्यात सांगायला लाज वाटावी असं काही वाटलंही नाही. सहीचा वेलांटीपर्यंत मेळ घालणाऱ्या या सगळ्या कारभारात एक साधा प्रश्न कोणी डोळ्यांत डोळे घालून विचारत नाही: बाई, गिऱ्हाईक औषध घ्यायला येतं तेव्हा तुम्ही काउंटरवर असता का?

मला विचारला असता तर मी खोटं सांगितलं असतं, हेही इथेच लिहून ठेवते.

तुझ्या फोनच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या बाबांचा फोन आला. दोन वर्षांनी.

"ताई, पोरीला काही भरवू नकोस."

"मी तिला फक्त ‘बघू’ म्हणाले."

"तुझं ‘बघू’ मला माहितीये. अगं, कागद आहे तो! ती अंधेरीला कंपनीत एसीत बसणार, कागद कपाटात पडून राहणार. घरचंच दुकान आहे ना? आधीचा फार्मासिस्ट गेला सोडून. शुक्रवारी हिचा फॉर्म दिला नाही तर लायसन्स लटकेल. काउंटरला वीरेंद्र आहे. वीस वर्षांचा अनुभव आहे त्याला."

"बाबुरावांना किती वर्षांचा होता, जयवंत?"

त्याने फोन ठेवला.

लहानपणी तू विचारायचीस, आत्या आपल्या लालबागच्या दुकानात का येत नाही, तुम्ही दोघं फक्त लग्नात का बोलता. मी सांगायचे, कॉलेजमुळे वेळ मिळत नाही. ते खोटं होतं.

माझं सर्टिफिकेट आप्पांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, फ्रेम करून घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावलं होतं. गिरणीतून आले की आधी त्यावरची धूळ पुसायचे, मग चहा. १९९० साली जयवंतने दुकान काढलं, तेव्हा ती फ्रेम तिथून काढून दुकानात नेली. मी नको म्हणाले नाही. भाऊ पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभा राहत होता. मी तेव्हा कॉलेजात शिकवत होते. विषय कोणता, ठाऊक आहे? डिस्पेन्सिंग. चिठ्ठी कशी वाचावी, औषध कसं द्यावं, देताना काय सांगावं. आठवडाभर मी पोरांना ते शिकवायचे आणि रविवारी जयवंतकडे जेवायला जायचे. औषधाच्या बिलावर फार्मासिस्टची सही लागते. तुझी आई मटण शिजत घालायची आणि मी पुढच्या आठवड्याच्या कोऱ्या बिलांवर सह्या करायचे. मटण शिजेपर्यंत शंभर सह्या होत. आम्ही त्यावर हसायचो. "ताई, आज मटण निबर आहे, दोन बुकं होतील," असं जयवंत म्हणायचा. अकरा वर्षं हे चाललं.

काउंटरवर बाबुराव असत. सातवी पास, पण अक्षर मोत्यासारखं आणि कुठलं औषध कुठल्या खणात हे डोळे मिटून सांगत. माणूस सज्जन होता. औषधाच्या पाकिटावर कधी कसं घ्यायचं ते मराठीत ठळक लिहून देत, म्हणून चाळीतली माणसं वरळीहून लालबागला जाऊन त्यांच्याकडूनच औषध घेत.

चाळीत आमच्या समोरच्या खोलीत कमळाबाई राहायच्या. नवरा नव्हता. एक मुलगी, अक्षता, तेव्हा अकरा वर्षांची. कमळाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. २००१ साली त्यांच्या बोटांचे सांधे सुजले तेव्हा डॉक्टरांनी संधिवाताची एक गोळी लिहून दिली. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर शरीरात रक्त तयार होणं बंद पडतं. चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे इंग्रजीत तीन अक्षरं होती, एम, ओ, एन, आणि टिंब. मंडे. सोमवारी एक. बाबुरावांनी ते मॉर्निंगचं छोटं रूप समजून पाकिटावर आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं: सकाळी एक.

माझ्या पहिल्या वर्षाच्या पोरांनीही त्या गोळीचं नाव पाहून हात आखडता घेतला असता. मी तर त्यांची शिक्षिका. पण बिलावर माझी फक्त सही होती, आदल्या रविवारची. मी त्या दिवशी साताऱ्याला प्रॅक्टिकल परीक्षेची परीक्षक म्हणून गेले होते.

अक्षताने पाकीट वाचून आईला सांगितलं आणि रोज सकाळी शाळेत जायच्या आधी पाण्याचा पेला आणि गोळी तीच हातात द्यायची. आठवड्याभरात कमळाबाईंच्या तोंडात फोड आले. मग ताप. सतराव्या दिवशी त्या हॉस्पिटलात वारल्या.

जयवंत सांत्वनाला गेला आणि येताना ते पाकीट घेऊन आला. माझ्यासमोर फाडलं. मी "काय करतोस" असंही म्हणाले नाही.

हॉस्पिटलच्या कागदावरून चौकशी लागली. औषध निरीक्षक दुकानात आले. भिंतीवर माझं सर्टिफिकेट होतं, बिलावर माझी सही होती, पाकीट कुठेच नव्हतं. जयवंत रडत होता. "ताई, दुकान जाईल. बाबुराव आत जातील. तू एक कागद लिहून दे." मी दिला. शुद्ध मराठीत, समास सोडून. "मी स्वतः काउंटरवर हजर होते. दर सोमवारी एक गोळी घ्यावी असे रुग्णास तोंडी समजावले व पाकिटावरही ‘सोमवारी एक’ असे लिहून दिले. घरी वाचताना चूक झाली असावी."

घरी वाचणारं होतं कोण, मधुरा? अकरा वर्षांची एक पोर.

प्रकरण मिटलं. मी सर्टिफिकेट भिंतीवरून काढून आणलं आणि रविवारचं जेवण बंद केलं. स्वतःला वाटलं, केवढी शिक्षा घेतली! नोकरी चालू राहिली, बढती मिळाली. दर नूतनीकरणाला शपथेवर लिहून दिलं की माझ्या हातून व्यवसायात गैरवर्तन घडलेलं नाही. कोणी खोदून विचारलं नाही. कागद पूर्ण होता.

चाळीत मात्र ती गोष्ट पसरली ती मी लिहून दिल्याप्रमाणेच. पोरीने "सोमवारी"चं "सकाळी" वाचलं. दोन्हीकडे ‘स’ पहिला, लहान होती, व्हायचंच. बायका कळवळून सांगायच्या. कोणी तिला रागावलं नाही. ती मामाकडे वाढली, पदवी घेतली, परळच्या एका बँकेत अधिकारी झाली. आता याच इमारतीत, माझ्यापेक्षा दोन मजले खाली राहते.

कोर्स संपवून आले त्याच आठवड्यात तिने माझी बेल वाजवली. हातात लेकाच्या खोकल्याचं औषध. "मावशी, एवढं जरा वाचून दाखवता?"

बाटलीवर मराठीत स्वच्छ छापलेलं होतं. मी म्हणाले, "अगं, तू दिवसभर कर्जाचे कागद वाचतेस."

"ते वाचते. औषधाचं नाही वाचत. तुम्हाला माहितीये ना." हसली जराशी. "ह्यांनी वाचलं, सासूबाईंनी वाचलं. तुम्ही फार्मासिस्ट, म्हणून शेवटचं तुमच्याकडे."

मी वाचून दाखवलं. पाच मिली, दिवसातून दोनदा. तिने ते दोनदा म्हणून घेतलं आणि गेली. त्यानंतर तुझा फोन आला. "सगळेच लावतात."

परवा रविवारी मी खाली गेले आणि तिला सगळं सांगितलं. बाबुरावांचं, पाकिटाचं, साताऱ्याचं, माझ्या कागदाचं. माफी मागितली नाही. तिच्याकडे ती मागायला जाणं म्हणजे पुन्हा तिच्यावरच काम टाकणं. ती ओरडेल, हाकलून देईल, अशी तयारी ठेवली होती. ती मग म्हणाली, "म्हणजे मी बरोबर वाचलं होतं?"

"हो."

"सकाळी एक, असंच होतं?"

"असंच होतं. मी पाहिलंय."

ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. तिच्या नवऱ्याने मला "मावशी, तुम्ही आता जा" असं सांगितलं. बरोबर सांगितलं. पंचवीस वर्षं, मधुरा. दोन शब्द वाचता न येणारी बाई आम्ही तयार केली, मी आणि तुझ्या बापाने, आणि मी स्वतःला शिस्तीची म्हणवून घेत राहिले.

काल मी तीन पाकिटं रजिस्टर्ड पोस्टाने टाकली. एक फार्मसी काउन्सिलला, एक निरीक्षकांच्या कार्यालयाला, एक अक्षताला. प्रत्येकात माझं खरं निवेदन आणि साताऱ्याच्या परीक्षेच्या हजेरीपत्राची प्रत आहे. बाबुराव वारले, त्यांच्यावर मी काही ढकललेलं नाही. ते चिठ्ठी वाचायला नेमलेले नव्हतेच. नेमलेली मी होते. नूतनीकरणाचा अर्जही मागे घेतला आहे. नाव काढायचं की काय करायचं ते काउन्सिल ठरवील. तुझ्या बाबांना त्रास होईल. त्याला मी आजच फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "म्हातारपणी तुला हे सुचलं?" म्हटलं, हो, उशिराच सुचलं.

आता तुझं. तो फॉर्म मी पाहिला आहे, माझ्या वेळेपासून फारसा बदललेला नाही. त्यात तुला लिहून द्यावं लागेल की तू पूर्ण वेळ त्या दुकानात हजर राहशील. राहणार असशील, तर अंधेरीची नोकरी सोड, काउंटरवर उभी राहा, प्रत्येक चिठ्ठी स्वतः वाच, आणि खुशाल सही कर. मी पेढे घेऊन येईन. राहणार नसशील, तर शुक्रवारी बाबांना "नाही" सांग. ते चिडतील, जेवणार नाहीत, आईला मध्ये घालतील, माझं नाव घेऊन बोलतील. बोलू देत. "घरचंच दुकान आहे" म्हणतील तेव्हा लक्षात ठेव, कमळाबाईसुद्धा घरचंच दुकान म्हणून वरळीहून लालबागला आल्या होत्या.

हे पत्र बाबांना दाखवायला माझी हरकत नाही. आईलाही वाचून दाखव. त्या रविवारांचं तिला फक्त मटण ठाऊक आहे.

तब्येतीला जप. उत्तर लिहायचंच असेल तर शुक्रवारनंतर लिही.

त्या दिवशी दुकानात नसलेली,
तुझी आत्या
नलिनी