मीठ बांधलेला पिवळा रुमाल

ब्रिस्टल,
रविवार, २३ मार्च

ती. ताईस,
इंद्रजितचा सविनय जय भीम.

तुझ्या गुडघ्याची चौकशी पहिल्याच ओळीत करतो, कारण मागच्या पत्रात ती तिसऱ्या पानावर आली म्हणून तू फोनवर मला ऐकवलं होतंस. तर, गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू स्वतः करतेस, की नुसते शेजारणींकडून करून घेतेस? भाऊजींना नमस्कार. इकडे देविका, लेक आणि मी, आम्ही तिघंही ठीक आहोत. (‘ठीक’ हा शब्द मी बराच विचार करून लिहिला आहे. प्रकृतीपुरता तो खरा आहे. बाकीचं पुढे येईलच.) हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तू पंचवीस वर्षं कबड्डीची पंच होतीस आणि अजूनही समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ‘बाद!’ म्हणतेस. पत्राला ते करता येत नाही.

विषय कस्तुरीचा आहे. तिच्या विद्यापीठातल्या मुलींचा फ्लॅग फुटबॉलचा संघ या वर्षी विजेतेपदाच्या अगदी दारात होता, आणि तो दारातच राहिला, तो माझ्यामुळे. कबड्डीखेरीज तू कशालाच खेळ मानत नाहीस, म्हणून जरा समजावून सांगतो. हा अमेरिकन फुटबॉलचा मवाळ भाऊ. नावात फुटबॉल असला तरी चेंडूला पाय लावत नाहीत (का, ते मी इथे तिघांना विचारलं, तिघंही हवामानाबद्दल बोलू लागले). एका बाजूला पाच मुली असतात. प्रत्येकीच्या कमरेला दोन पट्ट्या लोंबतात. चेंडू घेऊन पळणारीची पट्टी कोणी ओढली, की तिची धाव तिथेच संपली. पट्टी शाबूत ठेवून मैदानाच्या टोकाला पोचली, तर सहा गुण. प्रत्येक डाव जिच्या हातून सुरू होतो ती क्वार्टरबॅक. चेंडू कोणाला द्यायचा हे तिनं चारपाच सेकंदांत ठरवायचं. आपल्या घरातल्या कुठल्याही बाईला हे सहज जमेल. फक्त कस्तुरीला नाही, कारण तिला सँडविच कुठलं घ्यावं हे ठरवायलाही पंधरा मिनिटं लागतात. (हा गुण कोणाकडून आला ते देविका सांगेल. ती मागितल्याशिवायही सांगते.) आणखी एक नियम लक्षात ठेव, पुढे लागेल. कोणी आगळीक केली, तर रेफरी खिशातला पिवळा रुमाल मैदानात फेकतो. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यात थोडी वाळू बांधलेली असते.

कस्तुरी या संघात गेली ती तनू नावाच्या मैत्रिणीच्या आग्रहामुळे आणि सरावानंतर पिझ्झा फुकट असतो म्हणून. संघात दोन अनुभवी क्वार्टरबॅक होत्या. फेब्रुवारीत एकीचं मनगट स्कीइंग करताना मोडलं आणि दुसरी प्लेसमेंटसाठी स्कॉटलंडला गेली. तोवर संघ एकही सामना हरला नव्हता. उरलेल्यांमध्ये जिचा हात त्यातल्या त्यात लांब, तिला उभं करायचं असं गॅरेथनं ठरवलं. गॅरेथ त्यांचा कोच. वेल्सचा आहे, आठवडाभर पत्रं वाटतो आणि काहीही झालं तरी ‘लव्हली’ म्हणतो. चेंडू विरुद्ध संघाच्या हातात गेला तरी लव्हलीच, फक्त आवाज पडतो. कस्तुरीचा पहिला सराव मी पाहिला. त्या दिवशी हा शब्द तो इतका खाली नेत गेला, की शेवटी नुसते ओठ हलताना दिसले.

मग मी लक्ष घातलं. विमानाच्या पंखांच्या नकाशातल्या दुसऱ्यांच्या चुका शोधणं हीच माझी नोकरी असल्यामुळे नियमांची पुस्तिका ट्रेनमध्ये दोनदा वाचली, समासात टिपा काढल्या. संध्याकाळी मागच्या बागेत कस्तुरी फेकायची आणि मी पकडायचो, म्हणजे शेजाऱ्यांच्या कुंपणाकडून आणायचो. (“बाबा, बॉल येते तेव्हा डोळा बंद नको करू ना!”) डावांना मराठी नावं द्यायची कल्पना माझी, समोरच्यांना काही कळू नये म्हणून. सगळ्यांनी लांब पळायचं आणि चेंडू लांबवर फेकायचा त्या डावाचं नाव ‘सावजी’, कारण त्यात पोळण्याची शक्यता जास्त. चेंडू तनूच्या हातात द्यायचा, तिच्याकडून परत घ्यायचा आणि मग पळायचं त्याचं नाव ‘आजोळ’. हे न्याय्य आहे का, या प्रश्नानं मी दोन रात्री तळमळलो. पुस्तिकेत भाषेबद्दल काहीच नाही असं पाहिलं तेव्हा कुठे झोप लागली.

अंतिम सामना गेल्या रविवारी झाला. मी संघासाठी सांबारवडी आणि वीस उकडलेली अंडी नेली होती. डबा नेहमीच्या रुमालात बांधला होता. तोच, कस्तुरी प्रायमरीला जायला लागली तेव्हा तू नागपूरहून पाठवलेला. तेव्हा तो पांढरा होता. इतक्या वर्षांच्या हळदीनं आता तो इतका पिवळा झाला आहे की देविका त्याला वेगळा धुते. अंड्यांबरोबर लागेल म्हणून त्याच्या कोपऱ्यात चिमूटभर मीठ गाठ मारून ठेवलं होतं, आपली आई ठेवायची तसं. तुझ्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

पहिल्या अर्ध्या तासात कस्तुरीनं दोन चेंडू थेट पाहुण्या मुलींच्या हातात दिले (पाहुणचार रक्तातच आहे). पण मग कुठूनसा धीर आला. मैदानावर गोऱ्या पोरी “सावजीऽऽ!” ओरडत धावत होत्या आणि माझ्या अंगावर काटा येत होता. शेवटचा डाव उरला तेव्हा आम्ही चार गुणांनी मागे होतो, म्हणजे सहा मिळाले की विजेतेपद. कस्तुरीनं ‘आजोळ’ पुकारला. चेंडू तनूकडे गेला, परत आला, आणि आपली पोरगी पळत सुटली. मी अंडं सोलत होतो. ते तसंच टाकून उठलो, रुमाल हवेत फिरवला, आणि रुमाल हातातून गेला. मिठाच्या भारानं तो झोकात मैदानात जाऊन पडला. पिवळा रुमाल दिसताच समोरच्या सगळ्या मुली कमरेवर हात ठेवून थांबल्या. फक्त कस्तुरी थांबली नाही. ती टोकापर्यंत पोचली आणि आमची बाजू वेडी झाली. गॅरेथ तर रडतच होता, लव्हलीसुद्धा म्हणाला नाही.

मग तिन्ही रेफरी आपापले खिसे चाचपू लागले. मुख्य रेफरी साठीची बाई होती. तिनं रुमाल उचलला, हुंगला, गाठ सोडली, बोटानं चाखून पाहिलं (पुरावा चाखावा का, याबद्दल पुस्तिका गप्प आहे) आणि म्हणाली, “सॉल्ट.” हा कोणाचा, असं तिनं दोनदा विचारलं. सगळे एकमेकांकडे बघत होते. कस्तुरी बिचारी खाली बसून बुटाची नाडी बांधत होती. रुमाल रेफरीचा नाही म्हणजे आगळीक नाही, म्हणजे गुण कायम, असं ठरत आलं होतं.

देविका दातांतल्या दातांत म्हणाली, “इंद्रजित, हलू नकोस.”

“पण तो आपला रुमाल आहे.”

“ब्रिस्टलमध्ये पिवळे रुमाल हजार असतील.”

“मीठ बांधलेला एकच.”

“एकदा, फक्त एकदा, माझ्यासाठी दुसऱ्यांसारखा वाग.”

ताई, मला तेव्हा पंचशील आठवलं, दादा पाठ करून घ्यायचे ते, आणि त्यातल्या चौथ्या, खोटं न बोलण्याच्या ओळीला ते आपल्या दोघांकडे कसे बघायचे तेही. मी गेलो. रुमाल माझा आहे म्हणालो, मीठही माझंच. बाहेरच्या माणसामुळे खेळात अडथळा आला म्हणून शेवटचा डाव पुन्हा घेतला गेला. कस्तुरीनं ‘सावजी’ पुकारला. चेंडू सुंदर गेला, तनूच्या बोटांना लागला, आणि खाली पडला. त्यांच्या कॅप्टननं माझा हात धरून जेवढे आभार मानले, तेवढे नोकरीत वीस वर्षांत कोणी मानले नाहीत.

त्याला आज सात दिवस झाले. कस्तुरी माझ्याशी बोललेली नाही. मी समोर आलो की जिन्यातून वर जाते. देविका बोलते, पण फक्त कचऱ्याच्या डब्यांबद्दल. मला मात्र वेगळंच काही छळतं आहे. रुमाल हातातून सुटला, की मी सोडला? सोमवारच्या डायरीत ‘सुटला’ लिहिलं आहे, मंगळवारी ‘बहुधा सुटला’, बुधवारचं पान कोरं. पोरीला जिंकलेलं बघण्यासाठी आपला हात काय काय करील, हे आपल्याला कुठे माहीत असतं? तू पंच आहेस. निकाल दे, मी अपील करणार नाही.

तुझा धाकटा,
इंद्रजित

ता.क. निकालाचं वर लिहिलं खरं, पण मला तो नको आहे. मला हवं आहे ते हे. तू कस्तुरीला फोन कर आणि एक्क्याण्णवचा आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामना सांग. शेवटच्या चढाईत तुझा अंगठा रेषेबाहेर गेला, पंचांनी पाहिलं नाही, आणि तू स्वतः हात वर करून बाद झालीस. कॉलेजचा कप गेला. मी सहावीत होतो, सगळ्या वर्गाला पैजेवर बोलावून आणलं होतं, आणि मी तुझ्याशी अकरा दिवस बोललो नाही. त्याबद्दल मी कधी माफी मागितली नाही, ती आता मागतो. आणि बाराव्या दिवशी मी कसा बोललो, तू काय केलं होतंस, तेही कळव. मला आठवत नाही, आणि इथे सातवा दिवस आहे.

ता.क. २ आत्या, जय भीम. मी कस्तुरी. बाबानी लेटर किचनमध्ये ओपन ठेवला, मी वाचली. सॉरी. बाबाला एक गोष्ट माहीत नाही. मी तो रुमाल पाहिला. सगळे थांबले, मला पण वाटला फ्लॅग आहे. मग दिसला की तो आपला डब्याचा आहे. प्रायमरी स्कूलमध्ये रोज माझ्या बॅगमध्ये होता, मी कुठे पण ओळखेल. म्हणून मी थांबली नाही. मला माहीत होता फाउल नाही, त्या मुलींना माहीत नव्हता. रेफरी विचारत होती तेव्हा मी नाडी बांधत होती. ती ऑलरेडी बांधलेली होती. मग बाबा गेला. मी बाबावर रागावली नाही. मला त्याच्याकडे बघायला जमत नाही. तू हे त्याला सांगशील का? प्लीज.

ता.क. ३ ताई, पाकीट चिकटवण्याआधी मी पत्र तिसऱ्यांदा वाचतो, हे या घरात सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा वरचा मजकूर तिनं तुला लिहिला की मला, हे तूच ठरव. पत्र वर नेऊन वाचलं आणि मी खाली गेलो. तिनं पोहे केले होते, दोन ताटल्या मांडल्या होत्या. आम्ही समोरासमोर बसून खाल्ले. आठवड्यानं ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. म्हणाली, “बाबा, मीठ जास्त झाली ना?” ताई, आयुष्यात खोटं बोलायचा एवढा मोह मला कधी झाला नव्हता.

मी हो म्हणालो. ती इतकी हसली की देविका वरून धावत आली.

रुमाल रेफरीबाईंकडेच राहिला आहे. नवा पाठवशील तर निळा पाठव. निळ्या रुमालाला या खेळात काहीही अर्थ नाही. मी पुस्तिकेत पाहिलं.