टोपीतला मळ

४ डिसेंबर १९७२, सोमवार
सोलापूरबाहेरच्या माळावर, सुरुंगाच्या कांड्या बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून रुजू झालो. दुष्काळात जो तो विहीर खोदतोय, त्यामुळे कामाला तोटा नाही. क्वार्टर हवेशीर आहे; यशोदा खूश. मुकादम ईरप्पा दुधनीचा, भला माणूस. डोस्कं लई दुखंल सायेब, मग सवय हुती की, म्हणाला.

७ डिसेंबर
डोक्यात घण पडताहेत. कांड्यांत भरायचा तो पिवळट, मेणचट लगदा हाताला चिकटतो आणि कातडीतून आत मुरतो म्हणे. जिभेवर सतत त्याची गुळमट चव. ठेच्यासोबतची भाकरीही गोड लागली. शी! तीनदा हात धुतले.

२३ डिसेंबर, शनिवार
डोकं दुखायचं थांबलंय. पण आज एक ओंगळ प्रकार पाहिला. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सगळे कामगार बोटभर लगदा टोपीच्या आतल्या पट्टीत चोळतात. कपाळावरून पिवळा घाम ओघळतोय, आणि हे तसेच घरी जाऊन पोरांचे मुके घेणार! ईरप्पाचं म्हणणं, अंगाला याची सवय लागलीय. दोन दिवस लगदा लागला नाही तर छाती आवळते. बसलिंगप्पा नावाचा कामगार टोपी कारखान्यातच विसरला आणि सोमवारी चहा पिता पिता गेला म्हणे. घाणेरडेपणाला निमित्त हवं, दुसरं काय!

१२ जानेवारी १९७३, शुक्रवार
उद्यापासून गड्ड्याच्या जत्रेची तीन दिवस सुट्टी. फाटकातच टब मांडला. सगळ्यांच्या टोप्या सोड्याच्या पाण्यात बुडवल्या, माझीसुद्धा. ईरप्पानं हात जोडले. मी ऐकलं नाही. जित्याची खोड!

१४ जानेवारी, संक्रांत
छाती जड. तिळगूळ घशाखाली उतरेना. मला ती दुसरीच गोडी हवी होती. स्वतःचीच किळस आली.

१५ जानेवारी
सकाळी कारखान्यातला तिप्पण्णा सांगत आला, ईरप्पा गेला. अंगणात, छाती धरून. त्याची बायको गौरम्मा एकच विचारतेय, सायेबांनी टोपी कुटं ठिवलीया.
मीच मारलं त्याला.

दुपारी
छातीवर जातं ठेवलंय. डावा हात बधिर — कारखान्याला कुलूप. नखं चोखून पाहिली. नुसता साबण.

नंतर
कामाचा सदरा! बंबामागे टांगलेला — कॉलर पिवळी, मळकी — चाटीन, चघळीन — यशोदाला हाक मारली. ती हसत म्हणते, सणाला सगळं स्वच्छ हवं ना तुम्हाला, म्हणून कालच सोड्यात —