पेटीचा भाता

मी, जोतीराम आकाराम रांजणे, वय वर्षे ६३, फौजेतून सिग्नलचा हवालदार म्हणून निवृत्त, धंदा रेडिओदुरुस्ती, मूळ गाव मेढा, हल्ली राहणार सातारा, आज पूर्ण शुद्धीत आहे. दुखणे छातीचे आहे, डोक्याचे नाही. कोणाचा दाब नाही, कोणाची भीड नाही. माझ्यामागे भांडणे नकोत म्हणून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे.

कलम १. साताऱ्याचे दोन खोल्यांचे घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते माझी पत्नी सौ. लीलाबाई हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. तिच्यामागे मुलगा लालासाहेब व कडेगावास दिलेली मुलगी सौ. विजयमाला यांनी निम्मे निम्मे घ्यावे. बहिणीला लग्नात दिलेच आहे, असे लालासाहेब म्हणेल. ते वेगळे, हे वेगळे.

कलम २. मेढ्याच्या शेताचा बांध चुलतभाऊ नाथाजीने दोन हात आत सरकवला आहे. तो परत मागू नये. सरकवला हे त्याला माहीत आहे आणि मला माहीत आहे हेही त्याला माहीत आहे. तेवढे मला पुरते.

कलम ३. मीटर, सोल्डरिंग आयर्न व बुडबुड्यांची टाकी लालासाहेबास द्यावी. टाकीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

रेडिओच्या सर्किट बोर्डावर तांब्याचा पातळ पत्रा असतो. हव्या तेवढ्या रेघा रंगाने झाकायच्या आणि उरलेले तांबे फेरिक क्लोराईडच्या पाण्यात विरघळवायचे. पसरट भांड्यात हे करताना पाऊण तास भांडे डोलवत बसावे लागे, तरी मधले तांबे तसेच राही आणि कडेच्या रेघा खाल्ल्या जात. म्हणून १९७३ साली मी पाच काचा डांबराने सांधून वीतभर उंचीची अरुंद टाकी केली. तळाशी रबरी नळी घातली, तिला तापल्या सुईने भोके पाडली आणि तिचे टोक खालच्या सांध्यातून बाहेर काढले. हवा सोडली की बुडबुडे उठतात, पाणी आपोआप ढवळते आणि बोर्ड दहा मिनिटांत स्वच्छ निघतो.

प्रश्न हवेचा होता. सायकलचा पंप धक्के देई. संथ हवा देणारी वस्तू घरात एकच होती, विजयमालेची बाजाची पेटी. तिच्यावर ती भजने म्हणायची. सासरी जाताना ती पेटी आईच्या स्वाधीन करून गेली होती. मी कोणाला न विचारता पेटीला नळी जोडली. टाकी स्टुलावर, पेटी जमिनीवर. भाता हलवला आणि असे सुंदर बुडबुडे उठले की मी एकटाच हसलो.

तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आले म्हणून उठलो. हवा थांबली आणि टाकीतले पाणी नळीतून उलटे पेटीत उतरले. तांबे खाणारे पाणी पितळही खाते, आणि पेटीच्या सुरांच्या पट्ट्या पितळेच्याच. परत आलो तोवर पेटीचे सगळे सूर त्या पाण्यात होते. लालासाहेब, हवा देणारी वस्तू नेहमी टाकीच्या वर ठेव.

दिवाळीला विजयमाला आली, तेव्हा मी सांगितले की पेटी उंदरांनी खाल्ली. ती आईकडे वळून म्हणाली, "आई, तुला येक पेटी झाकून ठिवाय आली न्हाई?" लीलाबाई करंजीला मुरड घालत होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि मुरड घालत राहिली.

मागाहून मी तिला म्हणालो, खरे सांगून टाकतो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. माज्यावर राग धरंल, पर तुमच्यासाटी तरी येत ऱ्हाईल. बापावरनं मन उडालं तर पोरगी म्हायेराला कशाला येईल?"

तेव्हापासून विजयमाला येते, माझ्याशी हसून बोलते, आईशी कामापुरते बोलते आणि दुपारच्या एष्टीने परत जाते. अशी पाच वर्षे गेली. उंदीर नव्हता, मी होतो. हे तिने माझ्यामागे वाचावे आणि आईपाशी जाऊन बसावे, एवढ्यासाठी हे सारे मृत्युपत्र आहे. घराचे मी नुसते तोंडी सांगितले असते तरी चालले असते.

साक्षीदार आप्पासो यांनी वाचून हरकत घेतली, ती नोंदवतो: "हवालदार, ह्ये मेल्यावर कशाला? कडेगावची एष्टी रोज हाय." माझ्या तोंडून ते निघणार नाही, असे मी त्यांस सांगितले.

सातारा, ता. १२ जून १९७८.
सही: जोतीराम आकाराम रांजणे
साक्षीदार: आप्पासो शेलार, बिराप्पा हाके

पुरवणी

कलम १ मधील पत्नीचा हक्क रद्द समजावा. लीलाबाई ता. ४ सप्टेंबर रोजी तीन दिवसांच्या तापाने वारली. छाती माझी दुखत होती, गेली ती. मृत्युपत्र ट्रंकेत होते.

तेराव्याला मी ते विजयमालेच्या हातात दिले. तिने उभ्यानेच वाचले आणि कागदाची नीट घडी घातली. म्हणाली, "तात्या, लालाची तार आली तवा मी म्हणलं, उद्या जाईन. तिला पाणीबी माज्या हातचं न्हाई मिळालं."

ती दुपारच्या एष्टीने गेली.

कलम ४, नवीन. मी अंथरुणाला खिळलो तर विजयमालेला तार करू नये. माझ्या तोंडात पाणी घालायला तिला कोणी बोलावू नये. ते मागण्याचा हक्क मी स्वतःहून सोडत आहे.

सातारा, ता. २० सप्टेंबर १९७८.
सही: जोतीराम आकाराम रांजणे
साक्षीदार तेच. आप्पासोंनी या वेळी काही हरकत घेतली नाही.