भिंतीपलीकडच्या बाई

प्रिय आई,

इथूनच वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मी मजेत आहे, वेळेवर जेवते.

शेजारच्या वर्गातल्या बाईंबद्दल लिहिलं होतं ना? रोज भिंतीपलीकडून मुलांचं हसणं ऐकू येतं आणि इकडे माझा नुसता जळफळाट होतो. आज मी तुझी युक्ती केली. अपूर्णांकांचं गणित फळ्यावर मुद्दाम चुकवलं. चूक पकडायला मुलांनी असा काही गलका केला, की त्याच बाई दारात येऊन उभ्या राहिल्या!

"कुठे शिकलात हे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आईकडे."

"मग मलाही बोलायचंय त्यांच्याशी. नंबर द्या ना."

मी सांगितलंय, आईला फोनवर ऐकू येत नाही. त्यांनी कुठून नंबर मिळवलाच, तर बहिरी हो. मुलं त्यांची असू देत, तू तेवढी माझ्या एकटीची राहा.

तुझी लेक