गळा शिवलेला एप्रन

३ मार्च

माझ्या एप्रनचा गळा शिवून टाकलाय! सकाळी कारखान्यात खुंटीवरून काढला, डोक्यातून घालायला गेले — डोकं आतच जाईना. आधी वाटलं, उलटा धरलाय. बघते तर गळ्याचे दोन्ही काठ एकमेकांना जोडलेले. काळ्या दोऱ्याने!

सगळ्या मशिनी एकदम सुरू, जणू हॉलमध्ये कुणाला डोळेच नाहीत. ताईंनी — नणंदच त्या, बसतात माझ्या शेजारच्या मशीनवर — एप्रन हातातून काढून घेतला आणि बाकाखाली कोंबला. "बघू नकोस तिकडे. आधी हात ठेव." रोज काम सुरू करण्याआधी आम्ही दोघी मशीनच्या चाकावर हात ठेवून म्हणतो — देवा, बोटं सांभाळ. लग्न होऊन आले तेव्हा शिवण त्यांनीच शिकवली, आणि हे म्हणायलाही.

आज मनात म्हटलं, बोटांचं राहू दे देवा, गळा सांभाळ.

४ मार्च

गळा कशासाठी शिवला, हे वेगळं सांगायला नको. नऊ तारखेला आगीच्या चौकशीला येणाऱ्या सरकारी बाईंसमोर मला बोलायचंय. गोदामाला आग लागली तेव्हा मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. मी या डोळ्यांनी पाहिलं. आमच्या हॉलमधली सगळ्यात लहान पोर, बारकी, आत अडकली, धूर छातीत गेला, अजून दवाखान्यात नळ्या लावून पडलीय. आणि साहेब म्हणतात, दार उघडंच होतं, पोरगीच बावचळली! कुलूप कुणी घातलं ते मला ठाऊक नाही. होतं, एवढं ठाऊक आहे.

साहेबांनी आज केबिनमध्ये बोलावलं. चहा पुढे केला. "एकाच घरातल्या दोघी इथे काम करता ना? छान." बस, एवढंच! चहा मी तसाच ठेवून आले.

५ मार्च

जेवायला माझ्या बाकावर कुणी नाही. फक्त ताई. डबा माझ्याकडे ढकलतात आणि स्वतः घास घेत नाहीत.

६ मार्च

घरी जुंपली. हे म्हणतात, "तुझ्या एकटीच्या बोलण्याने काय होणार आहे?" म्हटलं, देव आहे ना. "देव येणार आहे का साक्ष द्यायला?" असा संताप आला! भांडी घासताना उत्तर सुचलं — हो, येईल! कुणाच्या तरी पायांनी येईल! तोवर हे चपला घालून बाहेर पडलेले.

भीती वाटते. खोटं कशाला लिहू? मला वाटायचं, देवावर भरवसा टाकला की भीती जाते. जात नाही. दोन्ही एकदमच असतात, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

७ मार्च

एप्रन घरी आणला. चांगला कपडा, टाकायचा कशाला? गळा उसवायला बसले. कात्रीचं टोक घातलं आणि हात थांबला.

टाके बारीक, एकसारखे. काठ आत दुमडून घेतलेला. गाठ शोधते तर सापडेना — शिवणीच्या आत दडवलेली! धमकीच द्यायची तर चार ओबडधोबड टाके पुरे झाले असते. पण त्या हाताला वाईट शिवताच येत नाही. "गाठ दिसली तर ती शिवण नव्हे." कितीदा ऐकलंय मी हे! दोरा एकदा मागे घ्यायचा आणि मग आत ओढायचा. आमच्या हॉलमध्ये असं दोघीच करतात. त्यातली एक मी.

देवा! माझ्या शेजारी बसून, चाकावर हात ठेवून, माझ्याबरोबर तुझंच नाव घेत होत्या!

हे विचारतात, चेहरा असा का पडलाय? काही नाही म्हटलं. सख्ख्या बहिणीबद्दल काय सांगू यांना?

८ मार्च

तोच एप्रन घालून गेले. उसवलेला, इस्त्री केलेला. ताईंची नजर गळ्यावर गेली. म्हटलं, "गाठ अगदी छान आत गेली होती, ताई." त्या पांढऱ्याफटक पडल्या.

सगळ्या हॉलसमोर ओरडायचं होतं मला! काय काय तोंडाशी आलं होतं! पण भोंगा झाला, हात सवयीने चाकावर गेला आणि निघालं ते रोजचंच — देवा, बोटं सांभाळ. "दोघींची," मी मोठ्याने म्हटलं. का म्हटलं, माझं मला कळलं नाही. रागात होते मी.

ताई उठून बाहेर गेल्या. दिवसभर परत आल्या नाहीत.

९ मार्च

चौकशीच्या खोलीबाहेर एकटीच बसले होते. दार उघडलं आणि आतून ताई बाहेर आल्या! माझ्याही आधी जाऊन आल्या होत्या. समोर उभ्या राहिल्या. "साहेबांनी सांगितलं म्हणून कुलूप मीच घातलं होतं. ते आत सांगून आले. जा आता तू. मी इथेच बसते."